सोवळ्यात पोहणारी पोरं

सदर साहेबांनी बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मोहनराव मास्तर सावध झाले. निजामाच्या अमलातल्या बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, हेडमास्तरांना सदर साहेब म्हणत, आणि हे मुनीरुद्दीन साहेब मोठे अदबशीर गृहस्थ होते. साधं काम ते उभ्याउभ्या सांगत. खुर्ची दिली म्हणजे काम अवघड. खुर्चीबरोबर पानाचा डबा पुढं सरकला, म्हणजे ते काम बाकीच्या सगळ्या मास्तरांनी नाकारलेलं. आज डबाही सरकला.

"मास्टर साब, मुबारक हो," साहेब म्हणाले. "औरंगाबादला सुभ्यातल्या सगळ्या मदरशांचे खेळ होणार. यंदा तैराकी पण आहे. आपले तीन लडके जातील, आणि त्यांच्यासोबत तुम्ही."

"पण साहेब, मी गणित शिकवतो. मला पोहता येत नाही."

"तैरना तो लडकों को है. तुम्ही फक्त लिबास बघा."

लिबास म्हणजे पोहणाऱ्यांचा पोशाख. सुभ्याच्या हुकमात त्याबद्दल तीनच शब्द होते. लिबास चुस्त असावा, शरीफ असावा आणि यकसाँ असावा. अंगाला घट्ट, दिसायला सभ्य आणि सगळ्यांचा सारखा. तीन पोरं, तीन अटी. गणिताच्या माणसाला वाटलं, हे उदाहरण आपण संध्याकाळपर्यंत सोडवू. घरी पोचेस्तोवर त्यांच्या ध्यानात आलं, की जे चुस्त असतं ते शरीफ दिसत नाही, जे शरीफ दिसतं ते चुस्त नसतं, आणि पोरांचा आजवरचा पोशाख तेवढा यकसाँ होता, कारण तो नव्हताच.

पोरं मात्र एकेक रत्न होती. लिंबागणेशचा शहादेव शिकायला बीडला मावशीकडं राहिला होता. विहिरीच्या थारोळ्यावरून, मोटेचं पाणी पडतं तिथून, उडी टाकली की तो कुठून वर निघेल, हे काठावरच्यांना सांगता येत नसे. सिदू बिंदुसरा नदीच्या काठच्या भोयाचा. जमिनीवर चालताना कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखा चालायचा, पण डोहात शिरला की डोह त्याच्या नावावर लिहून दिल्यासारखा पोहायचा. तिसरा पंडित, मास्तरांचे शेजारी आप्पाराव यांचा नातू. पंडितला वेग नव्हता, पण तो थांबत नसे. त्याला 'पुरे' म्हणून सांगावं लागे.

मोहनराव रोज सकाळी डोहावर छत्री घेऊन बसत आणि तिघांकडं बघत. वर्गात शहादेवला पावकी धड येत नव्हती आणि सिदूचा काळकामवेगाशी उभा दावा होता. पण पाण्यात ही पोरं बघितली की मास्तरांना वाटे, ही माझ्या वर्गातली आहेत. मग ते उगाच छत्री मिटून पुन्हा उघडत.

लिबासाची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आप्पाराव आधी आले. ते तहसिलीतले निवृत्त पेशकार. हुकमाचा अर्थ लावणं हा त्यांचा जन्मसिद्ध अधिकार होता, आणि निवृत्तीनंतर हुकूम मिळेनासे झाल्यामुळं ते भुकेले होते.

"चुस्त हा शब्द आधी आलाय," ते चष्मा पुसत म्हणाले. "जो शब्द आधी, तो वरचढ. लंगोट द्या बांधून. पैलवान बांधतात तसा."

"आणि शरीफ?"

"ते बघणाऱ्याच्या नजरेवर असतं, मोहनराव."

हे सदर साहेबांना सांगायची मोहनरावांची छाती झाली नाही. कापडाचे व्यापारी राधाकिशन शेठ मग पुढं झाले. त्यांच्या दुकानात मांजरपाटाचे तागे पडून होते, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर मांजरपाट लागू पडतो अशी त्यांची श्रद्धा होती. "बंडी अन् गुडघ्यापोत्तर चड्डी. शरीफ म्हंजे शरीफ! काझीसाहेबांसमोर बी उभं करा." मांजरपाट घेतला, शिंप्याकडून शिवून आणला. डोहावर चाचणी ठरली. राधाकिशन शेठ स्वतः आले, आणि येताना चार गिऱ्हाइकंही घेऊन आले.

पंडितनं उडी मारली. त्याच्या बंडीत हवा शिरली आणि ती मागून फुगून वर आली. डोहाच्या मधोमध एक पांढराशुभ्र घुमट तरंगू लागला. घुमटाखाली पंडित आहे हे फक्त बुडबुड्यांवरून कळत होतं. पलीकडं धुणं धुणाऱ्या बाया आधी घाबरल्या, मग हसल्या, आणि मग एकीनं विचारलं, "मास्तर, ह्ये पोहतंय का उडतंय?"

सिदूनं सूर मारून पंडितला काठाला आणलं. राधाकिशन शेठ गंभीरपणे म्हणाले, "कपडा एक नंबर हाय. हवा काढायची सोय केली न्हाई शिंप्यानं." मोहनरावांनी छत्री उघडली आणि तिच्याआड तोंड करून ते घरी गेले. माणसानं शिक्षण घ्यावं, अंगात कोट घालावा, डोक्याला रुमाल बांधावा, आणि शेवटी धुणं धुणाऱ्या बायांना उत्तर देता येऊ नये, हे त्यांना फार लागलं.

सरस्वतीबाईंनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि पुण्याच्या भावाला कळवायला सांगितलं. मेहुणा उत्साही माणूस. त्यानं कळवलं की पुण्यामुंबईकडं शर्यतीला लोकरीचे खास पोशाख वापरतात, वर बंडी, खाली चड्डी, सगळं एकात. तीन पोशाख त्यानं नगरहून येणाऱ्या मोटारीबरोबर पाठवले. आणि ते सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यात अडकले.

निजामसरकारच्या मुलखात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात बसे. जकात म्हणजे करोडगिरी. कारकून माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडं मालाच्या जिनसा ठरलेल्या होत्या आणि हा माल कुठल्याच जिनसीत बसेना. मोहनराव स्वतः मोटारीनं नाक्यावर गेले, तेव्हा कारकुनानं पोशाख दोन बोटांत धरून वर केला.

"मास्टर साब, ये क्या है? बंडी म्हणावं तर पाय हैत. चड्डी म्हणावं तर खांदे हैत."

"तैराकीचा लिबास आहे."

"असं म्हणणारे लई येतात. घालून दाखवा."

"मी?"

"मग काय मी?"

मोहनरावांनी इकडंतिकडं पाहिलं. नाक्यावर एक मोटार उभी होती, तिच्यातले उतारू पाय मोकळे करत होते. पण खेळांचा दिवस जवळ येत होता. मोहनरावांनी धोतर वर खोचलं, आणि कोटावरूनच तो निळ्या लोकरीचा लिबास चढवायला घेतला. एक पाय गेला. दुसरा जाताना त्यांना कारकुनाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. खांद्याच्या पट्ट्या वर ओढल्या तेव्हा आतलं धोतर सगळीकडून बाहेर डोकावू लागलं. डोक्याला रुमाल तसाच होता. उतारू जवळ येऊन उभे राहिले.

नेमकी तेव्हाच दुसरी एक मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून तालीम खात्याचे मोहतमीम साहेब उतरले. शाळा तपासणारे साहेब! त्यांच्या एका शेऱ्यानं माणसाची बदली कुठल्या कुठं होत असे. मोहनरावांपुढं दोन वाटा होत्या. नाक्याच्या खोलीमागं लपावं किंवा सलाम करावा. लपायला पळावं लागलं असतं आणि त्या लिबासात पळता येत नव्हतं. त्यांनी टाचा जुळवल्या, सलाम केला आणि आपला मास्तरकीचा सरकारी हुद्दा सांगितला.

"मोहनराव, मुदर्रिस, बीड. मदरशाचा तैराकी लिबास, हुजूर."

मोहतमीम साहेबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मग जवळ येऊन लोकरीला चिमटीत धरून बघितलं, आणि अगदी काळजीनं विचारलं, "गर्मी नहीं होती?"

"फर्जापुढं नाही, हुजूर," मोहनराव म्हणाले. त्यांच्या कानावरून घाम ओघळत होता.

साहेब मान हलवून मोटारीत बसले. मोटार वळणाआड गेल्यावर आतून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला असं उतारूंचं म्हणणं पडलं. मोहनरावांनी मात्र तो इंजिनाचा आवाज मानला आणि पुढंही तसंच मानत राहिले. कारकुनानं माल 'लोकरी सामान, मुदर्रिसानं परिधान केलेलं' अशी नवी जिन्नस करून सोडला.

इतक्या मानहानीतून आणलेला पोशाख चांगला निघायलाच हवा होता. कोरडा होता तोवर तो उत्तमच होता. शहादेव तो घालून काठावर उभा राहिला तेव्हा बघ्यांच्या तोंडून 'वाहवा' निघाली. त्यानं सूर मारला, डोह पार केला आणि पलीकडं बाहेर येऊ लागला. खांदे आले, कंबर आली, पण चड्डी काही येईना. लोकर इतकं पाणी प्यायली होती की ती गुडघ्याच्या खाली लोंबत होती आणि वरची बंडी पोटावर आली होती.

"मास्तर," शहादेव दोन्ही हातांनी पोशाख सावरत ओरडला, "ह्येच्यात मी येकला न्हाई! आख्खं मेंढरू हाय माझ्यासंगं!"

त्या दिवशी मोहनराव जेवले नाहीत. अंगणात बसून राहिले. आप्पाराव कुंपणावरून सांत्वनाला आले. "द्या कळवून, बीडची पोरं येत नाहीत. कापडापायी हार मानली तर त्यात कमीपणा नाही."

"आहे," मोहनराव म्हणाले. त्यांच्या आवाजाला अचानक धार आली. "पोरांत कमी नाही आणि पोशाखात अडलं, तर कमीपणा माझा आहे. तुमचा पंडित फुगून बुडत होता, पण पाय मारायचा थांबला नव्हता. त्याला घरी बसा म्हणून तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

आप्पाराव चष्मा पुसू लागले.

मोहनराव बोलत होते आणि त्यांची नजर दांडीवर होती. सरस्वतीबाईंनी सकाळी दोन वस्त्रं एकदमच पिळून वाळत घातली होती, त्यांचा सुती पंचा आणि पूजेचा कद. रेशमी सोवळं, डाळिंबी रंगाचं, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. पंचा अजून ठिबकत होता. कद केव्हाच वाळून वाऱ्यावर हलत होता. मास्तर उठले. घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन कदावर टाकलं. पाणी घसरून खाली गेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा गेलं. कापड भिजलं, पण फुगलं नाही की लोंबलं नाही.

"काय चाललंय?" सरस्वतीबाई बाहेर येऊन म्हणाल्या.

 मोहनरावांनी नुसतं कदाकडं बघितलं आणि मग बायकोकडं. एवढ्या वर्षांच्या संसारात सरस्वतीबाईंना या बघण्याचा अर्थ लागत नसता तरच नवल.

"सोवळं आहे ते!" आप्पाराव कुंपणावरून कडाडले. "त्याची चड्डी? आणि ती भोयाचा पोरगा घालणार?"

"तुमचा पंडितही घालणार आहे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तिघांचं एकाच कदातून निघेल. यकसाँ हवंय ना सरकारला?" मग नवऱ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी दिलंय, तेव्हा कात्री मीच लावणार. शिंप्याकडं दिलं तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी शहादेव आणि पंडित मापासाठी मास्तरांच्या अंगणात उभे राहिले. सिदू उंबरठ्याबाहेरच थांबला होता. सरस्वतीबाईंनी सुतळी हातात घेऊन त्याला हाक मारली, "तिथून माप कसं घेऊ रे? आत ये." तो आत आला, तेव्हा गल्लीतल्या दोन खिडक्या लागल्या आणि तीन उघडल्या. बाईंनी छाती, कंबर, मांडी अशी मापं घेतली, प्रत्येक मापाला सुतळीला गाठ मारली, आणि कोणती गाठ कुणाची हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

पहिल्या चाचणीला सिदूची शिवण काखेत उसवली. बाईंनी ती दुहेरी घातली. पुढच्या चाचणीला ओलं रेशीम अंगाला इतकं चिकटलं की चुस्तपणा झाला पण शराफत धोक्यात आली. बाईंनी आतून दुसरा पदर लावला. मग सदर साहेबांनी तिघांना आपल्या कचेरीत उभं केलं आणि सभ्यतेचा निवाडा करायला फारसीचे मौलवी आणि संस्कृतचे शास्त्री या दोघांना बोलावलं. या दोघांचं पाणी पिण्याच्या माठावरूनही कधी एकमत झालं नव्हतं. दोघांनी पोशाखाला प्रदक्षिणा घातली, मांडीपाशी बोटं लावून लांबी मोजली आणि एकाच वेळी मान डोलावली. सदर साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पानाचा डबा पोरांपुढंसुद्धा धरला.

औरंगाबादच्या हौदावर ही गर्दी! मोठमोठ्या मदरशांची पोरं गडद निळ्या लोकरीत, छातीवर बिल्ले लावलेली. त्यांच्यात आपली तीन डाळिंबी पोरं मोहनरावांना लग्नाच्या मांडवातून आल्यासारखी दिसली. एका पंचाला तीच कल्पना सुचली. त्यानं शहादेवच्या खांद्यावरचं रेशीम चाचपलं आणि मोठ्यानं विचारलं, "मास्टर साब, ये तैराक हैं या दूल्हे?"

हौदाभोवती हशा उसळला. सिदूनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान बघून मोहनरावांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. वर्गाबाहेर कधी न वापरलेला आवाज त्यांनी काढला.

"हुकमात चुस्त, शरीफ आणि यकसाँ लिहिलंय, जनाब. तिन्ही तपासून घ्या. आणि रेशमाला मनाई कुठल्या ओळीत आहे, तेवढी मला वाचून दाखवा."

पंचानं दुसऱ्या पंचाकडं बघितलं. दुसऱ्यानं शिट्टी वाजवली.

जाऊन यायची शर्यत होती. जाताना लोकरवाले पुढं होते, मोठी धिप्पाड पोरं होती ती. पलीकडची भिंत शिवून परतताना मात्र त्यांच्या लोकरीनं पाणी प्यायला सुरुवात केली. एकेक जण असा जड झाला, जणू मागून कुणी पाय ओढतंय. आणि मधून डाळिंबी रंगाची एक रेघ निघाली. "शहादेव!" मोहनराव ओरडले. कोट, रुमाल, पदवी, सगळं विसरून ओरडले. रेघेमागं दुसरी रेघ. "सिदू! सिदू रे!" मधेच शहादेव क्षणभर अडखळला, त्याचा एक हात कमरेकडं गेला.  मग हात पुन्हा पाण्यावर आला आणि शहादेवनं काठ शिवला. सगळ्यांच्या आधी. त्याच्यामागं सिदू. पंडित चौथा आला, आणि शर्यत संपली हे न कळल्यामुळं वळून परत निघाला. त्याला हाका मारून काढावं लागलं.

"मधी कावून थांबलास बे?" सिदूनं धापा टाकत विचारलं.

"कापडच लागंना अंगाला," शहादेव म्हणाला. "म्हणलं, हाय का गेलं? हात लावून बगितलं. हाय म्हणलं, मंग निघालो."

मोहनरावांनी दोघांना ओलंच पोटाशी धरलं. कोट भिजला. पंडितला ओढून घेतलं, तो आणखी भिजला. एका मोठ्या मदरशाचे मास्तर अदबीनं जवळ आले आणि हा माल मुंबईच्या कुठल्या दुकानाचा, असं विचारू लागले. मोहनरावांनी छाती काढून सांगितलं, "घरचा आहे."

बीडला आल्यावर आप्पारावांनी सगळ्या गल्लीला ऐकवलं की चौथा म्हणजे तिसऱ्याच्या लगेच मागचा, आणि रेशमाचा विचार आधी आपल्याच मनात आला होता. सरस्वतीबाई हसल्या. शहादेवला मात्र गावी घेऊन मास्तर स्वतः गेले.

लिंबागणेशला बैलगाडी पोचली तेव्हा वेशीवर हलगी वाजत होती. शहादेवची आई बायनाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं पोराला कुरवाळलं, आणि मग म्हणाली, "ज्ये घालून जिंकला, ते कुटंय? घाल बघू."

"आये, ते पाण्यातलं हाय!"

"आसू दे. गणपतीला दाखवायचं हाय."

आईपुढं काय चालतंय! शहादेवनं गाडीआड जाऊन तो डाळिंबी लिबास चढवला आणि हलगीमागं उघड्या पायांनी, उघड्या दंडांनी चालू लागला. बाया बघत होत्या, म्हातारे बघत होते, कुणी हसलं नाही. मोहनराव त्याच्या बाजूनं चालत होते. नाक्यावरच्या त्या दुपारनंतर इतकी माणसं आपल्याकडं बघताहेत याचा त्यांना पहिल्यांदाच आनंद होत होता.

गाभाऱ्याच्या दारात पुजाऱ्यानं सगळ्यांना अडवलं. मग त्याची नजर शहादेववर गेली. पुढं वाकून त्यानं कापड निरखलं.

"रेशमी हाय न्हव?"

"व्हय."

"मंग सोवळ्यातच हाय की पोरगं. येऊ द्या आत."

शहादेव आत गेला. त्याच्यामागं मोहनरावांनी उंबऱ्याकडं पाऊल उचललं, तेवढ्यात पुजाऱ्यानं हात आडवा केला.

"मास्तर, तुमी सुती धोतरात हायत. तुमी भायरूनच घ्या दर्शन."

गर्दीत कुणीतरी दचकलं. बायनाबाईनं तोंडाला पदर लावला. मोहनराव मास्तर एक पाऊल मागं सरले, दोन्ही हात जोडले, आणि आतल्या समईच्या उजेडात देवापुढं वाकलेल्या त्या डाळिंबी पाठीकडं बघत, डोळे न मिटता, दर्शन घेत राहिले.